बाकांना भाडं नाही, पण दाराशी दोर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. न्यू जर्सीहून पाथ रेल्वेने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला आलो, तेविसाव्या रस्त्यावर उतरलो आणि सिक्स्थ ॲव्हेन्यूने खाली चालत निघालो. विसाव्याच्या कोपऱ्यावर तपकिरी दगडाचं जुनं चर्च लागतं. तेव्हा आत जिम होती. टोकदार कमानीची खिडकी आणि तिच्याआड ट्रेडमिलवर घामाघूम झालेला एक जण.

"जिमचं काय घेऊन बसलात, इथे आधी नाइटक्लब होता," मी म्हटलं. सोबतचे काका म्हणाले, "शिव शिव! देवाच्या जागेत?"

तेव्हापासून हे मनात आहे. ही जागा बाटलीच असेल, तर ती नाचणाऱ्यांनी बाटवली की आणखी कशाने?

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये बसायची बाकं भाड्याने जात. पैसेवाला पुढे, गरीब कुठेतरी मागे. रेव्हरंड म्यूलेनबर्ग यांनी १८४० च्या दशकात हे चर्च काढलं ते बाकांना भाडं नाही या अटीवर. पैसा त्यांच्या बहिणीने दिला. तिच्या दिवंगत नवऱ्याची इच्छाच होती की श्रीमंत-गरीब एका रांगेत बसावेत. १८४६ मध्ये संत ल्यूकच्या सणादिवशी इथेच दानाची झोळी फिरली आणि त्या चिल्लरीतून सेंट ल्यूक्स हॉस्पिटलची सुरुवात झाली. मला या जागेचं सगळ्यात मोठं देवपण त्या झोळीत दिसतं.

पुढे भाविक आटले, १९७० च्या दशकात चर्च दुसऱ्या चर्चमध्ये विलीन झालं आणि इमारत विकली गेली. मग तिथे चक्क व्यसनमुक्ती केंद्र होतं. त्यानंतर, १९८३ मध्ये, क्लबमालक पीटर गेटियनने 'लाइमलाइट' हा नाइटक्लब उघडला. उद्घाटनाच्या पार्टीचा यजमान प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉल! आणि व्यसनमुक्तीच्या त्याच भिंतींत ड्रग्ज. नियतीला विनोदबुद्धी आहे, पण जरा काळपट.

आणि दाराशी दोर. कपडे, चेहरा बघून कोणाला आत सोडायचं ते ठरायचं. माझ्या लेखी बाटवणं म्हणजे हे. पण काका, दुसरी बाजूही ऐका. घरच्यांनी हाकललेली, भडक रंगरंगोटी केलेली, पुरुषावर प्रेम करणारी कितीतरी पोरं इथे मोकळा श्वास घ्यायची आणि सुटाबुटातला बँकवाला बाहेर ताटकळायचा. म्हणजे रांग उलटी झाली होती, मोडली नव्हती.

शेवट वाईटच झाला. इथल्या पार्ट्या भरवणाऱ्या मायकल एलिगने १९९६ मध्ये एका तरुणाचा जीव घेतला आणि पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला. गेटियन ड्रग्जच्या खटल्यातून सुटला, पण करचुकवेगिरीत अडकला. २००३ मध्ये त्याची कॅनडाला रवानगी झाली. मग दुसऱ्या नावाने क्लब, मग दुकानं, मग जिम.

१९६६ पासून वास्तू संरक्षित आहे, म्हणून दगड तरी जागेवर राहिले.

काकांना आतून बघायचं होतं. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, "मेंबर आहात का?"