लिनक्स, यूएसबी आणि ‘ड्रायव्हर नाही’ची आवई

एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचा गोषवारा असा: लिनक्सला यूएसबी उपकरण जोडलं आणि ते चाललं नाही, तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, नाही असं समजा. स्वतः लिहायचा म्हटलं तर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, शिरावं लागतं आणि तिथे एक चूक झाली की अख्खं मशीन आडवं. कंपनीने माहिती दिली नसेल तर हात टेकायचे. एवढं करूनही पुढच्या कर्नलला सगळं मोडणारच. चार विधानं आहेत आणि त्यातलं शेवटचं अर्धं खरं आहे. पहिल्यात मात्र फारसा दम नाही.

बहुतेक उपकरणांना स्वतःचा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. यूएसबीच्या मानकात उपकरणांचे वर्ग ठरलेले आहेत: ध्वनी ०१, कीबोर्ड-माउस ०३, साठवण ०८, व्हिडिओ ०ई. उपकरण डिस्क्रिप्टरमधून, म्हणजे स्वतःच्या ओळखपत्रातून, आपला वर्ग सांगतं आणि कर्नल त्या वर्गाचा सामायिक ड्रायव्हर त्याला लावतो. यूव्हीसीचे, म्हणजे व्हिडिओ वर्गाचे, नियम पाळणारा वेबकॅम कुठल्याही कंपनीचा असो, त्याला यूव्हीसीव्हिडिओ हा सामायिक ड्रायव्हर सांभाळतो, आणि तो २००८ पासून कर्नलमध्येच आहे. ‘लिनक्स मागे असतं’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक तपशील: यूएसबी ३ च्या एक्सएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर लिनक्समध्ये २००९ साली २.६.३१ आवृत्तीत आला. विंडोजमध्ये तो अंगभूत झाला २०१२ च्या विंडोज ८ पासून.

मग उपकरण चालत का नाही? याचं उत्तर बहुतेक वेळा डीमेसेजमध्येच, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, असतं, फक्त वाचायची तसदी घ्यावी लागते. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’ ही ओळ दिसली तर गोष्ट ड्रायव्हरपर्यंत पोचलेलीच नाही. कर्नल उपकरणाला ‘तू कोण’ एवढंच विचारतोय आणि धड उत्तर येत नाहीये. कुठला ड्रायव्हर लावायचा हे त्या उत्तरावरूनच ठरणार असतं. अशा वेळी संशय आधी केबलवर, मग हबवर, मग वीजपुरवठ्यावर घ्यायचा. उणे ११० म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तरच आलं नाही. उणे ३२ ची जात वेगळी: एंडपॉइंट (उपकरणातली डेटाची वाट) स्टॉल झाला, म्हणजे उपकरण जिवंत आहे, पण केलेली मागणी त्याला मान्य नाही. इथे मात्र फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) किंवा ड्रायव्हर तपासायला हवा.

ड्रायव्हर हजर असूनही त्याच्यावर खापर फुटल्याचा सगळ्यात बोलका नमुना सीएच३४० या स्वस्त सीरियल चिपचा. उबुंटू २२.०४ आल्यावर ही चिप असलेली अनेकांची सर्किट बोर्डं ‘दिसेनाशी’ झाली. लॉगमध्ये आधी येतं की सीएच३४१ (सीएच३४० लाही चालवणारा ड्रायव्हर) कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० या सीरियल पोर्टला जोडला गेला. म्हणजे ड्रायव्हर आहे आणि त्याने कामही सुरू केलं. लगोलग पुढची ओळ: इंटरफेस ० सीएच३४१ कडे असताना ‘बीआरएलटीटीवाय’ने कॉन्फिगरेशन बदललं. आणि मग पोर्ट गायब. बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्राम. काही ब्रेल डिस्प्लेंमध्ये हीच चिप, याच १ए८६:७५२३ ओळखक्रमांकाने बसलेली असते, म्हणून त्याच्या यूडेव्ह नियमाने (उपकरण जोडताच काय करायचं ते ठरवणाऱ्या नियमाने) बोर्डालाही आपलंच समजून उचललं. तो नियम बंद केला की पोर्ट परत येतं. (‘पॅकेज सरळ उडवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याच मशीनवर कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत असेल तर तो सल्ला देऊ नये.)

आता कर्नलमध्ये शिरण्याची भीती. उपकरण फक्त तुमच्याच प्रोग्रामला वापरायचं असेल तर शिरायचं कारण नाही. लिबयूएसबी ही प्रोग्राममधूनच यूएसबी उपकरणाशी बोलू देणारी लायब्ररी घ्या, परवानगीसाठी एक यूडेव्ह नियम लिहा, झालं. प्रोग्राम कोसळला तर तो एकटा कोसळतो, मशीन चालू राहतं. कर्नलचा ड्रायव्हर लागतो तो उपकरणाला नेटवर्क, डिस्क किंवा ध्वनी म्हणून बाकी यंत्रणेपुढे उभं करायचं असेल तेव्हा. तिथेही पुष्कळदा चिप ओळखीची असते, फक्त क्रमांक नवा असतो. मग सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींसारख्या दाखवणाऱ्या जागेतल्या) न्यू_आयडी फाइलमध्ये कंपनी आणि उत्पादन क्रमांक असे दोन आकडे लिहून भागतं.

खरोखरच कर्नल ड्रायव्हर लिहायचा असेल तर सुरुवातीला यूएसबी-स्केलेटन हा नमुना कर्नलच्या स्रोतातच ठेवलेला आहे. भीती पूर्ण खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी ठेवली जाते. नवशिक्यांची पहिली ठेच बहुधा बफरची, म्हणजे डेटा ठेवायच्या मेमरीची. तो फंक्शनच्या स्टॅकवर (तात्पुरत्या मेमरीत) ठेवून डीएमएसाठी, म्हणजे हार्डवेअरने थेट वाचण्या-लिहिण्यासाठी, द्यायचा नाही, केमॅलॉक या कर्नलच्या फंक्शनने घ्यायचा. जुन्या कर्नलवर हा गाढवपणा खपून जायचा, पण कर्नल ४.९ मध्ये एक्स८६ वर (इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर) स्टॅकची मांडणी बदलल्यापासून खपत नाही. खरा धोका डिसकनेक्टमध्ये, म्हणजे उपकरण काढलं जातं तेव्हा, आहे. यूआरबी (उपकरणाला केलेली मागणी) अजून वाटेत आहे, कुणीतरी फाइल उघडून बसलंय आणि त्याच क्षणी केबल उपटली. आता ती मेमरी कोण, कधी मोकळी करणार? २०१७ साली सिझकॉलर या फझरने (वेडंवाकडं इनपुट देऊन दोष शोधणाऱ्या साधनाने) कर्नलच्या यूएसबी भागात ढिगाने दोष काढले, तेही आधीच कर्नलमध्ये असलेल्या कोडमध्ये. तेव्हा जपून लिहायचं हे खरं, पण प्रयोग रोजच्या मशीनवर करा असं कुणी सांगितलंय? व्हर्च्युअल मशीनमध्ये डमी_एचसीडी लावला की उपकरण आणि होस्ट दोन्ही सॉफ्टवेअरमध्येच मिळतात. पॅनिक झालंच, म्हणजे कर्नल कोसळलाच, तर व्हर्च्युअल मशीन पुन्हा सुरू करायचं.

‘कंपनीने माहिती दिली नाही तर हात टेका’ म्हणणाऱ्यांनी यूएसबीमॉनचं, म्हणजे यूएसबीवरची वाहतूक टिपणाऱ्या कर्नलमधल्या सोयीचं, नाव ऐकलेलं नसावं. विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा, उपकरण आत सोडा आणि बाहेर लिनक्सवर वायरशार्क या वाहतूक दाखवणाऱ्या प्रोग्राममधून यूएसबीमॉनची नोंद घ्या. कंपनीचाच ड्रायव्हर कुठल्या एंडपॉइंटला कुठले बाइट पाठवतो हे समोर येतं. मग कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची, समजा दिव्याचा रंग, आणि दोन नोंदी शेजारी ठेवून कुठला बाइट हलला ते बघायचं. काम चिकाटीचं आहे आणि मजकूर कूटबद्ध असेल तर इथे खरंच अडतं. पण साधी उपकरणं इतकी गूढ नसतात.

कंपनीचा ड्रायव्हर म्हणजे हमी, हेही गृहीत धरू नये. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा उत्पादन क्रमांक शून्य करून टाकला आणि वापरणाऱ्यांची उपकरणं ओळखू येईनाशी झाली. लिनक्सने तो शून्य क्रमांकच एफटीडीआय_एसआयओ या आपल्या ड्रायव्हरच्या यादीत घातला.

शेवटचं विधान, अर्धं खरं म्हटलं ते. कर्नलच्या आतल्या एपीआयला, म्हणजे ड्रायव्हर वापरतात त्या फंक्शनांना, स्थैर्याचं वचन नाही आणि कधी नव्हतं. कर्नलबाहेर ठेवलेला ड्रायव्हर नव्या आवृत्तीत मोडू शकतो, मोडतोही. पण कर्नलच्या स्रोतात घेतलेल्या ड्रायव्हरचं तसं नाही. जो एपीआय बदलतो, त्यानेच तो वापरणारे सगळे ड्रायव्हरही दुरुस्त करायचे असा तिथला रिवाज आहे. लिबयूएसबीवरचे प्रोग्राम तर कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातल्या ज्या सीमेवर उभे असतात ती कर्नल जाणूनबुजून मोडत नाही. ही तक्रार करणाऱ्याला विचारून बघा, बहुधा वायफायचा डोंगल आणि कंपनीच्या साइटवरून उतरवलेला झिप निघेल. डोंगल घेण्याआधी त्यातली चिप कुठली आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का, एवढं बघून घ्यायचं.