दम पोराचा, उत्तर आपलं

घरात बाळदम्याचं पोरगं असेल आणि धुळ्याला डॉक्टरकडे न्यायची वेळ आली, तर आधी माणसांची जमवाजमव करा. फाइल घरी राहिली तरी चालेल. आई, बाप, आजी, मामा आणि दवाखान्यात ज्याची ओळख आहे असा एक शेजारी, एवढे तर हवेतच. आम्ही अमळनेरकडून बोलेरो करून गेलो. पेशंट, म्हणजे माझा नऊ वर्षांचा भाचा, मागे पिशव्यांजवळ बसला. पिशव्यांत भरताची वांगी होती, धुळ्याच्या पाव्हण्यांना द्यायची. ती दबू नयेत एवढं त्याला बजावून सांगितलं.

डॉक्टरांनी "काय होतंय बाळा?" असं विचारलं की पोराकडे पाहू नका. त्याने तोंड उघडायच्या आत उत्तर गेलं पाहिजे. आजीने म्हणावं, "काहीच नही, जरासा दम लागस." बापाने हवेवर ढकलावं. आई बोलायला लागली तर दोघांनी मिळून तिला थांबवावं. शेवटी मामाने निकाल द्यावा, "तसा बरा आहे तो." हे वाक्य पाठच करून ठेवा. त्या "तसा"मध्ये खूप काही मावतं. रात्री तीनला भिंतीला टेकून बसलेलं पोरगं मावतं, वाफ द्यायला मोटरसायकलवरून केलेली पळापळ मावते, शाळेचे बुडालेले दिवसही मावतात.

आमचं हे दोन वर्षं सुरळीत चाललं होतं. मग या नव्या डॉक्टर बाई भेटल्या. त्यांनी पोराला नळीत जोरात फुंकायला लावलं. आकडा चांगला आला. आम्ही उठलो, चपला शोधायला लागलो. बाई म्हणाल्या, "बसा. हा आकडा फुप्फुसाचा झाला. पोराचा अजून घ्यायचाय." आणि आम्हा पाचही जणांना बाहेरच्या बाकावर बसवून दार लावून घेतलं. आत पोरगं एकटं! आजीने दारातूनच ओरडून सांगितलं, "त्याले काही समजत नही!"

हे खूळ बाईंच्या एकटीच्या डोक्यातलं नाही, हे नंतर कळलं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एलिझाबेथ ज्युनिपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दमेकरी मुलांसाठी एक प्रश्नावली बनवली, ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. मूल ७ ते १७ वर्षांचं हवं. प्रश्न २३. त्यांतले १० त्रासाचे, ५ हालचालींचे आणि ८ चक्क मनाचे. गेल्या आठवड्याबद्दल विचारायचं आणि पोराने प्रत्येकाला १ ते ७ यातला आकडा द्यायचा. ७ म्हणजे काहीच त्रास नाही, १ म्हणजे फारच. फुंकण्याचा आकडा आणि पोराचं जगणं यांची जोडी जमतेच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. सारखंच फुंकणारी दोन पोरं, त्यातलं एक मैदानावर आणि दुसरं ओट्यावर, असं होऊ शकतं म्हणे. आमच्या लहानपणी दमेकऱ्याला एकच प्रश्न विचारत, विडी ओढतो का? तेवढ्यावर भागायचं.

आणि ते मनाचे प्रश्न! दम्यामुळे राग आला का? भीती वाटली का? बाकीच्यांच्या बरोबरीने जमलं नाही म्हणून चिडचिड झाली का? आपण वेगळे पडलो असं वाटलं का? असलं मला तर लग्न ठरवतानासुद्धा कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा तयारीत राहा. आदल्या रात्रीच पोराला सांगून ठेवा की हे सातपैकी मार्क आहेत, आपल्या घरात सातच्या खाली कोणी येत नाही. २३ सत्ते १६१, पैकीच्या पैकी. पोरगं चारपाच वर्षांचं असेल तर सुटलो असं समजू नका. ४ ते ११ वयाच्या पोरांसाठी वेगळी चाचणी आहे. तिच्यात ७ प्रश्न, त्यातल्या पहिल्या चारांची उत्तरं पोरगं स्वतः देतं, हसऱ्या-रडक्या तोंडांच्या चित्रांवर बोट ठेवून. उरलेले तीन तेवढे आपल्या वाट्याला. २७ पैकी १९ किंवा त्याहून कमी आले, तर दमा आटोक्यात नाही असं धरतात. बोट हसऱ्या तोंडाकडे कसं वळवायचं हे आजीला सांगायला नको.

आमच्याकडून ही तयारी राहून गेली, त्याची फळं भोगली. त्या २३ प्रश्नांच्या कागदात, दम्यामुळे ज्या करताना त्रास होतो अशा तीन गोष्टी पोराने स्वतः निवडायच्या असतात. चांगल्या घरातलं पोरगं अभ्यास सांगेल, शाळा सांगेल. आमच्याने सांगितलं, क्रिकेटमध्ये पळणं, कापसाच्या ढिगावर उड्या मारणं आणि तिसरी गोष्ट, हसणं.

बाईंनी त्याला विचारून तो कागद आम्हाला दाखवला. त्याला विचारून, बरं का. हसण्यापुढे ३ लिहिलं होतं. मी म्हटलं, हसण्याचा आणि दम्याचा काय संबंध? तर पोरगं जमिनीकडे बघत म्हणालं, "हसनू का खोकला येस. म्हनीसन मी हसत नही." त्याला आम्ही घरात कलेक्टर म्हणायचो. इतकं गंभीर पोरगं, जोकवरसुद्धा दात दाखवत नाही, नक्की मोठा साहेब होणार म्हणून.

बाईंचं तेवढ्यावर भागलं नाही. आईबापांसाठीही १३ प्रश्नांचा वेगळा कागद निघाला. दाजी म्हणाले, "आमची काय परीक्षा घेता मॅडम?" आणि मोबाइल घेऊन बाहेर गेले, ते बरोबरच केलं त्यांनी. ताईने मात्र पेन घेतलं. पोराच्या दम्याने रात्री झोपमोड झाली का, या प्रश्नाला तिने १ टाकला, फार विचार न करता. मला वाटायचं, ती पहाटे नळाला पाणी येतं म्हणून उठते.

मग सल्ले सुरू झाले. पोरगं झोपतं कुठे? पुढच्या खोलीत. खोलीत काय? कापूस. आता दिवाळीनंतर खान्देशात पुढच्या खोलीत कापूस नसेल तर काय असणार? भाव येईस्तोवर तो तिथेच छताला टेकतो. तुम्हालाही कोणी कापूस हलवा म्हणालं तर शांतपणे सांगा, भाव आला की हलवतो. पोराच्या श्वासाला घाई असेल, भावाला नाही.

भरताचंही तसंच. वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजली पाहिजेत, गॅसवरच्या भरताला भरीत म्हणणाऱ्याशी मी सोयरीक करणार नाही. धूर होतो, मान्य. पोराला लांब बसवा. सगळे कळण्याची भाकरी मोडून पंगतीला बसलेत आणि तो पार बांधावर, हातात ताटली. दिसतो किती छान! याला "वेगळं पडणं" म्हणायचं हे आम्हाला प्रश्न वाचेपर्यंत सुचलं नव्हतं.

तोंडाने ओढायच्या दम्याच्या पंपाचं तर बोलूच नका. पंपाची सवय लागते, हे आमच्या गावात पंप न ओढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात आणि ते थेट छातीत जातं, असं बाई सांगत होत्या. आपण पातळ औषधाच्या बाटलीवर विश्वास ठेवावा, ती हातात जड तरी लागते. अगदीच अडलं तर मृगाला हैदराबाद आहे, जिवंत मासा गिळायला. तिथे पोराला कागद भरायला लावत नाहीत.

ताईने मात्र यातलं काही ऐकलं नाही. पोराची खाट आतल्या खोलीत नेली. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून पंप सकाळ-संध्याकाळ, वर चूळ भरायला लावायची. शाळेत जाऊन सरांशी स्वतः बोलून आली. महिन्याने पुन्हा धुळे, पुन्हा बोलेरो, पुन्हा बाकावर आम्ही. आतून हसण्याचा आवाज आला. कोण हसतंय म्हणून शेजाऱ्याने दाराला कान लावला.

बाई कागद घेऊन बाहेर आल्या. हसणं ३ वरून ५ वर गेलं होतं. बाई खूश. म्हणाल्या, सगळ्या प्रश्नांच्या सरासरीत अर्धा गुण वाढला तरी पोराला फरक जाणवतो, याचा तर त्याहून जास्त वाढलाय.

आजीने कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि दाजींना विचारलं, "इतला पैसास्मा दोनच मार्क वाढनात?"