गुडघ्याला दृष्ट लागत नाही

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ‘फुटबॉलमधले ५ शाप, ज्यांच्यापुढे विज्ञानानेही हात टेकले’ असं त्याचं नाव, आणि शेवटी ‘प्रत्येक खेळाडूच्या आईपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती. तो पोहोचला. माझ्या ताईपर्यंत पोहोचला.

ताईचा मुलगा १९ वर्षांचा आहे. कोल्हापुरात पेठेतल्या एका संघाकडून खेळतो. सोळा दिवसांपूर्वी बॉल घेऊन वळताना त्याच्या उजव्या गुडघ्यात खटकन आवाज झाला, कोणी धक्काही दिला नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, पण एमआरआय लगेच करून घ्या म्हणाले. तो अजून झालेला नाही. मधल्या काळात उतारा झाला, लिंबू ओवाळून झालं, दंडावर तांब्याचा ताईत आला. मी ओरडल्यावर ताई थोडी नमली होती. तेवढ्यात हा मेसेज आला आणि तिने फोन माझ्यासमोर धरला, ‘हे बघ, तिकडं रोनाल्डोलापण झालंतं की.’

म्हणून हे लिहितोय. मेसेजची शेवटची ओळ अशी आहे: ‘ज्या खेळाडूला पुन्हा पुन्हा दुखापत होते त्याने आधी दृष्ट काढावी, करणी उतरवावी, डॉक्टर नंतर.’ वरचे पाचही किस्से या एका ओळीला वजन यावं म्हणून रचलेत. तेव्हा आधी किस्से.

पहिला मान बेला गुटमनच्या शापाला. मेसेज म्हणतो, पोर्तुगालच्या बेनफिका क्लबाने या प्रशिक्षकाला पगारवाढ नाकारली, त्याने ‘१०० वर्षं युरोपात जिंकणार नाही’ असा शाप दिला, आणि तेव्हापासून क्लब ८ फायनल हरला. आकडा खरा आहे, तो मी नाकारत नाही. १९६१ला बार्सिलोनाला आणि १९६२ला रेआल माद्रिदला हरवून बेनफिकाने युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला, गुटमन गेला, आणि मग १९६३, ६५, ६८, ८३, ८८, ९०, २०१३ आणि २०१४. आठच्या आठ गेल्या. नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा छापा पडण्याची शक्यता २५६ मध्ये १. विचित्र आहे, मान्य. पण युरोपात इतके क्लब इतकी वर्षं खेळतायत की असं कुणाच्या तरी वाट्याला येणारच, आणि ज्याच्या वाट्याला येतं त्याचीच गोष्ट होते.

शिवाय प्रत्येक फायनल उघडून बघा की. १९६३ला मिलानविरुद्ध कर्णधार कोलुना जखमी झाला आणि तेव्हा बदली खेळाडू उतरवायची सोयच नव्हती. १९६५ची फायनल इंटर मिलानच्या स्वतःच्या मैदानावर, सान सिरोवर झाली, तिथे बेनफिकाचा गोलकीपर जखमी झाला आणि शेवटी जर्मानो हा बॅक गोलपोस्टमध्ये उभा राहिला. १९८८ची फायनल पेनल्टीवर ६-५ अशी गेली. २०१४ला सेव्हियाविरुद्ध एन्झो पेरेझ, साल्व्हिओ आणि मार्कोविच हे तिघे कार्डांमुळे बाहेर बसले होते. यातल्या कुठल्या गोष्टीला शाप लागतो? तरुण खेळाडू तयार करून विकणं हा आज या क्लबाचा धंदा आहे. जुआंव फेलिक्स २०१९ला १२ कोटींहून जास्त युरोंना गेला, एन्झो फर्नांडेझ २०२३ला जवळपास तेवढ्यालाच. चांगलं पोर दोन वर्षांत विकलं जात असेल तर युरोपचा कप कुठून येणार?

मेसेज लिहिणाऱ्याने एक गोष्ट सोडून दिली आहे. हाच गुटमन १९६५-६६च्या हंगामात बेनफिकाचा प्रशिक्षक म्हणून परत आला होता. १०० वर्षांचा शाप देणारा माणूस तीन वर्षांनी त्याच बाकावर बसला आणि त्याच्याच देखरेखीखाली मँचेस्टर युनायटेडने लिस्बनमध्ये येऊन बेनफिकाला ५-१ हरवलं. स्वतःच्या शापाखाली नोकरी कोण धरतो?

आणि हा माणूस कोण होता, तेही मेसेजमध्ये नाही. गुटमन हंगेरीचा ज्यू. नाझींच्या काळात श्रमछावणीतून पळून जीव वाचवलेला, घरची माणसं त्या संहारात गमावलेला. युद्धानंतर शून्यातून उठून त्याने लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकून दिला. अशा माणसाला आपल्या फोनवर करणी करणारा मांत्रिक करून टाकलंय. याचा मला खरंच राग येतो.

बेनफिकाच्या पोरांनी २०२२ला साल्झबुर्गला ६-० हरवून युरोपची युवा स्पर्धा जिंकली. त्याआधी त्या स्पर्धेच्या तीन फायनल हे लोक हरले होते तेव्हा त्याही शापाच्या खात्यात धरल्या गेल्या. जिंकल्यावर मात्र ‘युवा धरायचं नसतं’. हारलं की शाप, जिंकलं की अपवाद, असा हिशेब असेल तर तो कधीच चुकणार नाही.

पुढचे तीन पटकन उरकतो. आर्सेनल या इंग्लिश क्लबाकडून खेळलेल्या अ‍ॅरन रॅमसेने गोल केला की कोणीतरी प्रसिद्ध माणूस मरतो म्हणे. २०११च्या मे महिन्यात गोल आणि दुसऱ्या दिवशी बिन लादेन, ऑक्टोबरमध्ये गोल आणि तीन दिवसांनी स्टीव्ह जॉब्स. बिन लादेनच्या मागे अमेरिकेचं सैन्य होतं आणि जॉब्सला कित्येक वर्षं कर्करोग होता. रॅमसेने एकट्या आर्सेनलसाठी ६०हून जास्त गोल केलेत, मेसेजमध्ये नावं चारच आहेत. उरलेल्या गोलांनंतर कोण मेलं, ते कुणी मोजलं?

ऑस्ट्रेलियाचं असं की १९६९ला मोझांबिकमध्ये त्यांनी समोरच्या संघावर करणी करायला एका मांत्रिकाला पैसे द्यायचे ठरवून दिले नाहीत, त्याने शाप त्यांच्यावरच उलटवला, म्हणून त्यांना २००६पर्यंत विश्वचषक खेळायलाच मिळाला नाही. १९७४चा विश्वचषक खेळला की ऑस्ट्रेलिया! पाच वर्षांत. साधं शोधून बघायचे कष्टसुद्धा घेतलेले नाहीत.

इंग्लंडच्याच चेल्सी क्लबाच्या ९ नंबरच्या जर्सीबद्दल मेसेज सांगतो की ती घालणारा प्रत्येक जण संपतो. मोराटा, फाल्काव, लुकाकू तिथे फसले, खरंय. प्रशिक्षक टुखेलनेही २०२२ला पत्रकारांसमोर ही जर्सी शापित आहे असं म्हटलं होतं. पण टॅमी अ‍ॅब्रहमने तीच जर्सी घालून २०१९-२०मध्ये लीगमध्ये १५ गोल केले. आणि गंमत बघा, २०१३च्या युरोपा लीग फायनलमध्ये बेनफिकाविरुद्ध चेल्सीचा पहिला गोल केला फर्नांडो टोरेसने, ९ नंबर घालून. मेसेजमधला पहिला शाप खरा ठरायला पाचातला दुसरा एक खोटा पडावा लागतो, आणि हे दोन्ही एकाच मेसेजमध्ये वर-खाली लिहिलेत.

आता पोर्तुगालचा रोनाल्डो. ताईने बोट ठेवलं ते इथे.

२०१४च्या विश्वचषकाआधी घानातल्या नाना क्वाकू बोन्साम नावाच्या मांत्रिकाने जाहीर केलं की रोनाल्डोचा गुडघा मीच बिघडवलाय, कुठलाही डॉक्टर तो बरा करू शकणार नाही. पोर्तुगाल आणि घाना एकाच गटात होते. रोनाल्डोचा डावा गुडघा तेव्हा खरोखर दुखत होता. मेसेज इथेच थांबतो आणि विचारतो, ‘योगायोग?’

पुढे काय झालं ते मी सांगतो. २६ जून २०१४, ब्राझिलियात घाना विरुद्ध पोर्तुगाल. १-१ असताना ८०व्या मिनिटाला विजयी गोल झाला. करणारा रोनाल्डो. ज्या गुडघ्यावर करणी होती त्याच माणसाने करणी करणाऱ्याच्या देशाला घरी पाठवलं, आणि ही एवढी मोठी गोष्ट मेसेजमध्ये नाही! घानाचं त्या स्पर्धेत खरं काय बिघडलं होतं ते सगळ्या जगाने पाहिलं. खेळाडूंचे पैसे थकले होते, त्यांनी सराव सोडला, सरकारला तीस लाखांहून जास्त डॉलर रोख विमानाने ब्राझीलला पाठवावे लागले, आणि त्या शेवटच्या सामन्याच्या दिवशी मुंतारी आणि बोआटेंग यांना संघातून काढलं.

रोनाल्डोचा गुडघा का दुखत होता, यातही गूढ काही नाही. गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर, टेंडनवर, ताण साठला होता. त्या हंगामात त्याने चॅम्पियन्स लीगमध्ये १७ गोल केले, जो तेव्हा विक्रम होता, आणि २४ मेला लिस्बनमध्ये जादा वेळेसह १२० मिनिटांची फायनल खेळला. मांत्रिक म्हणतो मी काही महिन्यांपासून काम करतोय. त्याच महिन्यांत हा माणूस विक्रम करत होता. ताई, रोनाल्डोने काय केलं माहितेय? डॉक्टरला दाखवलं, सराव कमी केला, फिजिओ घेतला, आणि मग खेळला.

राहिलं ते ‘पुन्हा पुन्हा दुखापत’. ही ओळ वाचून आईचं काळीज हलतं, मला कळतं. पण फुटबॉलमध्ये पुन्हा पुन्हा दुखापत होणं हे विलक्षण नाहीच. यान एकस्ट्रँड या स्वीडिश डॉक्टरच्या पुढाकाराने युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, २००१पासून युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापती एकेक करून नोंदवते. त्यांचा २०११चा अहवाल ५१ संघ आणि २,२९९ खेळाडूंवरचा आहे. त्यात दिसलं की २५ जणांच्या संघात एका हंगामात सुमारे १५ स्नायूंच्या दुखापती होतात. नुसत्या स्नायूंच्या, गुडघे-घोटे वेगळे. त्यातल्या साधारण १६ टक्के दुखापती आधीच्याच जागी पुन्हा झालेल्या, आणि अशा पुन्हा झालेल्या दुखापतींतून सावरायला जास्त दिवस लागले. यात जगातले सगळ्यात श्रीमंत क्लबही आले, पदरी डॉक्टर आणि फिजिओ बाळगणारे. मग कोल्हापूरच्या पोराचं काय, ज्याच्या संघाकडे बर्फाची पिशवीसुद्धा कोणीतरी धावत जाऊन आणतो? आधीची दुखापत पूर्ण भरायच्या आत पुढची मॅच खेळलं की तीच जागा पुन्हा जाते. आमच्याही पोराने डिसेंबरमध्ये मांडीचा स्नायू दुखत असताना तीन मॅच खेळल्या. तेव्हा कुणी थांबवलं नाही, मीसुद्धा नाही.

वळताना खटकन आवाज, काही तासांत सूज, पायावर भार दिला की गुडघा निसटल्यासारखा वाटणं. ही एसीएल, म्हणजे गुडघ्यातला पुढचा आडवा-तिरका बंध तुटल्याची अगदी ठळक लक्षणं आहेत. तुटलाच असेल असं मी म्हणत नाही. तुटला असेल तरी प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही. पण ते कळायला आत बघावं लागतं. तुटलेल्या बंधावर पोरगा तसाच चालत-पळत राहिला तर आतली गादी, मेनिस्कस, घासून फाटू शकते, आणि ती गेली की गुडघा लवकर झिजायची भीती वाढते. लिंबू उतरवण्यात गेलेला प्रत्येक आठवडा त्या गादीतून वजा होतो. आणि ऑपरेशन झालंच तर मैदानावर परतायला किमान नऊ महिने धरायचे, घाई केली तर तोच बंध पुन्हा तुटायची भीती वाढते.

दुखापत टाळायला काही करायचंच असेल तर तेही आहे. नॉर्वेत १२५ क्लबांतल्या १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर प्रयोग झाला, २००८ला छापून आला. अर्ध्या क्लबांतल्या मुलींनी सरावाआधी २० मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप केला: पळणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरणं. त्यांच्यात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला ‘फिफा ११ प्लस’ म्हणतात, इंटरनेटवर फुकट आहे, बॉलशिवाय काही लागत नाही. प्रत्येक खेळाडूच्या आईपर्यंत हे पोहोचवा ना.

एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजाने. खेळाडू असले विधी करतात आणि त्यांना त्याने धीर येतो. १९९८च्या विश्वचषकात लोराँ ब्लाँ प्रत्येक मॅचआधी गोलकीपर बार्तेझच्या टकलाचं चुंबन घ्यायचा, फायनलला तो निलंबित होता तरी येऊन घेतलं, आणि फ्रान्स जिंकला. २०१०ला जर्मन संशोधकांनी दाखवलं होतं की ‘हा लकी बॉल आहे’ असं सांगून दिलेला गोल्फचा बॉल लोक जास्त वेळा भोकात घालतात. पण २०१४ला तोच प्रयोग जास्त माणसांवर पुन्हा केला तेव्हा फरक दिसला नाही. तरीही मैदानात उजवा पाय आधी टाकायचा असेल, आईने कपाळाला अंगारा लावायचा असेल, तर माझा विरोध नाही. मीही अंबाबाईचं नाव घेऊनच मैदानात उतरायचो. त्यासाठी आम्ही डॉक्टर थांबवला नव्हता, एवढंच.

आणि टोण्याचा संशय घेणं निरुपद्रवी असतं असंही समजू नका. २००२ला मालीची राजधानी बामाकोत आफ्रिकन चषकाची उपांत्य मॅच होती. कॅमेरूनचे गोलकीपिंग प्रशिक्षक थॉमस एनकोनो यांनी मैदानावर काहीतरी मंतरलेलं टाकलं या संशयावरून पोलिसांनी त्यांना सगळ्यांदेखत मारहाण करून बेड्या घातल्या. हे तेच एनकोनो ज्यांना १९९०ला टीव्हीवर बघून इटलीचा बुफॉन गोलकीपर व्हायला निघाला. कॅमेरून ती मॅच ३-० जिंकलं, पण त्या माणसाचा झालेला अपमान कुणी भरून दिला नाही.

ताईशी काल रात्री दोन तास बोललो. भांडलो नाही. रोनाल्डोचा तो ८०व्या मिनिटाचा गोल तिला दाखवला, भाच्याने मधे मधे नावं सांगितली. मंगळवारी सकाळी ११ची एमआरआयची वेळ घेतली आहे. आत जाताना अंगावर धातू चालत नाही, त्यामुळे ताईत काढावा लागेल, हे तिला आजच सांगून ठेवलंय. तो तेवढा वेळ मी माझ्या खिशात सांभाळीन म्हणालो, तेव्हा ती हो म्हणाली.