जन्मठेप झाली की मुलांवरचा हक्क आपोआप जातो?

ग्रुपवर फिरतंय की खुनात जन्मठेप झाली की आई-बापाचा मुलांवरचा हक्क आपोआप जातो. आपल्याकडे असं नाहीये. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा काढून कलम ६ बघा, धर्म सोडला किंवा संन्यास घेतला तर नैसर्गिक पालक राहता येत नाही असं लिहिलंय, जेलचं नावच नाही (गंमतच आहे खरं तर). मग नातेवाईकांना १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली मुलाचं पालकत्व मिळावं म्हणून कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्ट मुलाचं हित बघून ठरवतं. इंग्लंड-वेल्समध्ये २०२४ ला मुलाच्या दुसऱ्या पालकाचा खून करणाऱ्या आई-बापाच्या हक्काबाबत वेगळा कायदा झालाय, पण तो तिकडचा. त्यामुळे तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, आजी-आजोबा त्यावर विसंबून अर्जच करायचे नाहीत.