सेचेनीच्या गरम पाण्यात एक आख्खा दिवस

"मावशी, उद्या तुला कुठेही हिंडवणार नाहीये. उद्या तू फक्त पाण्यात बसायचंस."

भाचीने हे जाहीर केलं तेव्हा मला बुडापेस्टला येऊन तीन दिवस झाले होते आणि पोटऱ्यांचे दगड झाले होते. जानेवारीची थंडी, अंगावर चार थर कपडे, आणि किल्ला, पूल, चर्च असं एकेक करत मी यादीवर फुल्या मारत सुटले होते. पाण्यात बसायचं म्हणजे किती वेळ? तर ती म्हणाली, दिवसभर. मी म्हटलं, अगं, दिवसभर पाण्यात म्हशी बसतात. ती म्हणाली, "म्हणूनच त्यांचे गुडघे दुखत नाहीत."

स्पा या प्रकाराबद्दल माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मंद दिवे, कुठूनतरी येणारी बासरी, वाटीत तरंगणाऱ्या पाकळ्या आणि कानाशी येऊन कुजबुजणारी एक मुलगी. मला नाही जमत ते. कुणी आपली इतकी सेवा करायला लागलं की मीच अवघडून बसते. तिथे आराम करायचा म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. नीट सैल सोडलंय ना अंग? चेहरा प्रसन्न दिसतोय ना?

सेचेनी हे बुडापेस्टमधलं गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह, आणि ते असलं काही नाही. बाहेरून बघाल तर पिवळाधमक राजवाडा. घुमट, खांब, पुतळे. आत शिराल तर लग्नाचं कार्यालय. चपलांचा फटफटाट, ओले टॉवेल, दारात घुटमळणारी माणसं, पोराला हाका मारणाऱ्या आया, हातात हात घालून चाललेली म्हातारी जोडपी, आणि या सगळ्यावर उकडलेल्या अंड्यासारखा गंधकाचा किंचित वास. कुणी कुणाची सेवा करत नाही. मनगटात घड्याळासारखा एक पट्टा अडकवतात, त्यानेच कपाट उघडतं आणि त्यानेच बंद होतं. पुढे तुमचं तुम्ही. मला तिथल्या तिथेच बरं वाटलं.

तिकीट दहा हजार फोरिंटच्या वर. आकडा ऐकून मी दचकले होते, पण रुपयांत ते तेव्हा अडीच-तीन हजारांच्या घरात गेलं. स्वस्त नाहीच. म्हणूनच "दोन तासांत होतं" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. माझ्या ओळखीतले निम्मे लोक बुडापेस्टला जाऊन आलेत. सगळे सेचेनीत उतरले, वाफेतून डोकं बाहेर काढून फोटो काढला आणि जेवायला दुसरीकडे गेले. अहो, दोन तासांत अंगातली थंडीसुद्धा जात नाही, थकवा कुठला जायला!

खरी अडचण पैशांची नव्हतीच. अडचण होती कॉश्च्यूमची. वय बावन्न, दोन बाळंतपणं झालेली, आणि शेवटचं पोहले होते ते कॉलेजात. कपडे बदलायच्या खोलीत मी दहा मिनिटं टॉवेल गुंडाळून नुसती उभी होते. मंगळसूत्र आणि बांगड्या भाचीच्या घरीच काढून ठेवल्या होत्या. जोडवी मात्र निघेनात. साबण लावून पाहिलं होतं, पण बोटं थंडीनं सुजलेली. राहू देत म्हटलं. तेवढ्यात पलीकडच्या दारातून पंच्याहत्तरीच्या एक आजी निघाल्या. फुलाफुलांची टू-पीस, पोटावर ऑपरेशनचा लांबच लांब व्रण, डोक्यावर रबरी टोपी. माझ्याकडे बघून मान डोलावली आणि बाजारात निघाल्यासारख्या चालू लागल्या. मी टॉवेल खुंटीला लावला आणि त्यांच्या मागे गेले. पुढच्या सहा-सात तासांत मी कशी दिसतेय हा विचार एकदाही मनात आला नाही. कुणी बघतच नव्हतं हो! तिथे इतकी पोटं, इतके व्रण, इतक्या शिरा फुगलेल्या पोटऱ्या आहेत की त्यात आपली कोण मोजणार.

दार ढकलून अंगणात आले तर हवा शून्याच्या आसपास. ओल्या लादीवरून हौदापर्यंतची ती वीस पावलं मी आयुष्यात विसरणार नाही. सगळेच जण तिथे तोंडानं "स्स्स" करत पळत होते, बाईबुवा, गोरे-काळे. आणि मग पायरी, गुडघे, कंबर, खांदे. अडतीस अंश. दिवाळीच्या पहाटे बंबातलं पहिलं तांब्याभर पाणी डोक्यावर पडतं ना, ते. फक्त तो तांब्या संपत नाही.

हे पाणी येतं कुठून, हे मला भाचीनं आदल्या रात्रीच समजावलं होतं. या खोऱ्याखाली पृथ्वीचं कवच इतर ठिकाणांपेक्षा पातळ आहे, त्यामुळे खालची आच वर लवकर पोचते. शहराच्या बुडा भागातल्या टेकड्यांवर पडलेला पाऊस चुनखडकाच्या भेगांतून खोल जातो, तापतो आणि डॅन्यूबच्या काठाने पुन्हा वर येतो. शहरात असे शंभराहून जास्त झरे आहेत. नदीच्या पलीकडे, जिथे सेचेनी आहे त्या पेस्टच्या सपाटीवर मात्र पाणी आपण होऊन वर येत नाही. तिथे विल्मोश झिग्मोंडी नावाच्या इंजिनिअरनं १८६८ ते १८७८ अशी दहा वर्षं भोक पाडलं. ९७० मीटर खोल! दहा वर्षं एकाच भोकाशी झुंजायचं म्हणजे काय चिकाटी असेल. पाणी लागलं तेव्हा ते ७४ अंशांचं होतं. १९३८ मध्ये दुसरी विहीर पाडली, ती १,२४६ मीटर. इतकं कढत पाणी अंगावर घेता येत नाही, म्हणून निववून हौदांत सोडतात. इमारतीचा आराखडा काढणारे त्सिग्लर १९०५ मध्येच गेले, इमारत उघडली १९१३ ला, आणि मी ज्या अंगणातल्या हौदात मान टेकून बसले होते तो भाग १९२७ चा. शेजारी प्राणीसंग्रहालय आहे, तिथल्या पाणघोड्यांनाही हेच पाणी मिळतं. म्हणजे म्हशींचं माझं बोलणं अगदीच चुकलं नव्हतं.

आता बुद्धिबळ. फोटोंत पाहिलं होतं, मला वाटलं पर्यटकांसाठी बसवतात. तसं नाही. छातीपर्यंत पाण्यात उभे असलेले दोन आजोबा, मधल्या कट्ट्यावर पट, आणि भोवती पाच-सहा जण गप्प. एका आजोबांनी मारलेला हत्ती मुठीत धरला होता आणि विचार करताना ते तो पाण्यात बुडवत होते, वर काढत होते, बुडवत होते, जशी आपण चहात खारी बुडवतो. एक खेळी करायला त्यांनी इतका वेळ घेतला की मी दोनदा दुसरीकडे जाऊन आले. समोरचा कुरकुरला नाही. मला बुद्धिबळातलं घोडा अडीच घरं जातो एवढंच कळतं, तरी मी तिथे अर्धा तास उभी होते. बऱ्याच दिवसांनी मी मोबाइल हातात नसताना काहीतरी शेवटपर्यंत पाहत होते. फोन कपाटात. ओल्या हातांनी तो काढायचा कुणाला कंटाळा.

शेवटपर्यंत म्हणाले खरं, पण शेवट पाहिला नाही. कारण मला गरगरायला लागलं.

चूक सर्वस्वी माझी. एका वेळी वीस मिनिटांच्या वर गरम पाण्यात बसू नये, हे भाचीनं दोनदा बजावलं होतं. मी बसले होते तासभर. पैसे वसूल करायची आपली सवय, दुसरं काय. पायरीवर आले आणि डोळ्यांपुढे काजवे. तेवढ्यात कुणीतरी कोपराला घट्ट धरलं. त्याच टू-पीसवाल्या आजी. हंगेरियनमध्ये मला भरपूर रागावल्या. एक शब्द कळला नाही, पण रागावणं पूर्ण कळलं, कारण माझी आई अगदी त्याच सुरात रागवायची. आत नेऊन बाकावर बसवलं, अंगठा ओठांशी नेऊन पाणी पी म्हणून खूण केली, पाय वर कर म्हणाल्या. मग बोटांनी दाखवलं: वीस मिनिटं पाणी, वीस मिनिटं बाक. पुन्हा पाणी, पुन्हा बाक. तेव्हा कळलं की तो बाक हाही आंघोळीचाच भाग आहे. तिथली नेहमीची माणसं पाण्यात कमी आणि बाकावर जास्त असतात. कुणी पेपर वाचतंय, कुणी नुसतं भिंतीकडे बघतंय. आपल्याकडे कुणी असं भिंतीकडे बघत बसलं तर घरचे विचारतील, काय झालं?

(रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बायकांनीही. मी धडधाकट असून माझी ही गत झाली.)

मग मी शहाण्यासारखी वागले. आत पंधरा हौद आहेत, बाहेर तीन. आतले एकेक करत पाहिले. कुठे कोमट, कुठे चटका, एक थंडगार टाकी, जिच्यात मी घोट्यापर्यंत गेले आणि परत फिरले. बाहेरच्या पोहण्याच्या लांब तलावात उतरायला गेले तर कर्कश्श शिट्टी. टोपीशिवाय तिथे पोहता येत नाही. टोपी नव्हती, विषय मिटला. सगळ्यात मजा मात्र आली ती तिसऱ्या हौदात. तिथे गोल गल्लीसारखा भाग आहे, त्यात मधूनमधून पाण्याचा जोरदार प्रवाह सोडतात आणि आत असलेली सगळी माणसं गरागरा वाहत जातात. टकले, मिशीवाले, टॅटूवाले, मी. एकमेकांवर आपटत, सॉरी म्हणत, खिदळत. प्रवाह थांबला की सगळे एकदम गंभीर होऊन पुन्हा सुरू होण्याची वाट बघतात. मी सात-आठ फेऱ्या मारल्या. भाचीला आकडा कमी सांगितला.

दुपारी लांगोश खाल्लं. तळलेला जाडसर मैद्याचा रोट, त्यावर लसणीचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. तब्येतीसाठी आलेल्या माणसानं खाऊ नये असा पदार्थ. दोन खाल्ली असती.

भाचीच्या घरमालकीणबाई गुडघ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लुकाच नावाच्या स्नानगृहात जातात. चिठ्ठी असली की काही उपचार सरकारी विम्यातून स्वस्तात होतात. त्या लुकाचच्या अंगणात बऱ्या झालेल्या रुग्णांनी लावलेल्या आभाराच्या पाट्या आहेत, नवसाच्या घंटा बांधतात तशा. हे मला फार आवडलं. गरम पाणी ही तिथे चैन नाही, पण नुसतं औषधही नाही. दवाखाना, कट्टा आणि जत्रा या तिघांच्या मधलं काहीतरी आहे. रोमन लोकांनी इथे स्नानगृहं बांधली, मग दीडशे वर्षं तुर्क होते, त्यांचं सोळाव्या शतकातलं रुदाश अजून चालू आहे. अष्टकोनी हौद, वर घुमट, घुमटाच्या भोकांतून येणारा रंगीत उजेड. मंगळवार तिथे फक्त बायकांचा. माझा मंगळवार हुकला याची हळहळ अजून आहे.

आपल्याकडे गरम पाणी नाही का? वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, किती नावं सांगू. पण आपण तिथे पुण्य मिळवायला नाहीतर खरूज घालवायला जातो. बुडी मारायची, दर्शन घ्यायचं, वडापाव खाऊन परत. कुंडात निवांत बसलेल्या बाईकडे लोक बघतात. मुळात बाईला निवांत बसता येईल असं कुंड किती ठिकाणी आहे? मला तिथे पिवळे राजवाडे नकोत. स्वच्छ लादी, दाराला कडी असलेली कपडे बदलायची खोली आणि बसायला बाक द्या. बाकीचं जमिनीखालून येतंच आहे.

चारनंतर अंधारायला लागलं. अंगणातले दिवे लागले आणि वाफ पिवळी झाली. समोरच्या माणसाचं फक्त डोकं दिसत होतं, तेही मधूनमधून. पट अजून मांडलेलाच होता, पण आजोबा दुसरेच. माझ्या बोटांच्या सुरकुत्या मनुकांसारख्या झालेल्या. टू-पीसवाल्या आजी निघताना लांबून दिसल्या, तपकिरी कोट, गळ्यात मफलर, हातात कापडी पिशवी. ओळखूच आल्या नाहीत आधी. मी हात केला. त्यांनी बोट वर करून पुन्हा एकदा दम दिला.

परतीला बागेखालून जाणारी ती बुटकी पिवळी मेट्रो घेतली. १८९६ ची आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. एरवी मी तिचे शंभर फोटो काढले असते. त्या दिवशी टोपीखाली ओले केस दाबून नुसती बसून राहिले आणि एक स्टेशन पुढे गेले.

रात्री भाचीच्या घरी मोजे काढले तर जोडवी काळी कुळकुळीत. गंधकानं चांदी काळवंडते हे शाळेत शिकलेलं, पण डोक्यात आलं नव्हतं. भाची म्हणाली टूथपेस्टनं घास, चकचकीत होतील. महिना झाला परत येऊन. अजून घासली नाहीयेत.