‘मोठा झाला की भरून येईल’ म्हणणाऱ्यांसाठी

आज नात्यातल्या एका मुंजीला गेले होते. बटू आठ वर्षांचा. आंघोळ घालून त्याला उघडाच पाटावर बसवला आणि मागच्या खुर्च्यांमधून आवाज आला, ‘अरे, ह्याच्या छातीत वाटीभर पाणी मावेल की!’ चारजण हसले. पोराने उपरणं छातीवर ओढून घेतलं ते घट्ट धरूनच ठेवलं. नंतर त्याची आई मला हळूच म्हणाली, ‘ताई, जन्मापासूनच आहे थोडं. सगळे म्हणतात, मोठा झाला की भरून येईल.’

जेवण गेलं नाही मला.

कारण हे वाक्य आमच्या सांगलीच्या घरात माझ्या धाकट्या भावासाठी वर्षानुवर्षं बोललं गेलं. लहानपणी त्याच्या छातीचा खळगा जेमतेम दिसायचा. सातवी-आठवीत उंची भराभर वाढली आणि खळगाही खोल गेला. फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘जोर मार, दूध पी.’ त्याने मारले. पहाटे गच्चीवर, कोणी न सांगता. दंड भरले, खांदे भरले, खळगा होता तिथेच. उन्हाळ्यात अख्खी गल्ली कृष्णेत डुंबायची आणि हा शर्ट घालून घाटावर बसायचा, सगळ्यांचे कपडे आणि चपला राखत. त्याला पोहायला येत नाही असंच मित्रांना वाटायचं. अहो, त्याला उत्तम पोहता यायचं!

एकदाच नीट सांगते. याला पेक्टस एक्स्कॅव्हेटम म्हणतात. फासळ्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे जोडल्या जातात तिथल्या कूर्चांची वाढ बिघडते आणि ते हाड आत ओढलं जातं. साधारण ३०० ते ४०० जन्मांमागे एका बाळात हे असतं, मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त. हा मुडदूस नव्हे. आईने गरोदरपणात काय खाल्लं नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, तेव्हा सासूबाईंनी गप्प बसावं. आणि जोर मारून कूर्चा वर येत नाही. व्यायामाने पोक जातं, दम वाढतो, तो करावाच, एवढं मान्य. पण ‘तू व्यायाम कमी करतोस म्हणून’ असं तेरा वर्षांच्या मुलाला सांगणं हा सरळ छळ आहे.

उपाय म्हणजे ऑपरेशनच, असंही लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. डोनाल्ड नस या सर्जनची पद्धत आहे, छातीच्या हाडाखालून वाकवलेली धातूची पट्टी सरकवायची आणि दोन-तीन वर्षांनी काढायची. खळगा फार खोल असेल, हृदय-फुप्फुसांवर दाब येत असेल, तर तेच करावं लागतं, आणि त्याचा फरक लगेच दिसतो. पण त्याच्या अलीकडे एक रस्ता आहे, आणि आपल्याकडे तो कोणी सांगतच नाही. व्हॅक्युम बेल. सिलिकॉनचं गोल भांडं, वर पारदर्शक खिडकी, बाजूला हातपंप. छातीवर ठेवायचं, हवा ओढायची, आणि हाड डोळ्यांदेखत वर येतं. १९१० च्या सुमारास जर्मन डॉक्टरांनी काचेच्या भांड्याने हे करून पाहिलं होतं. आत्ताचं रूप दिलं एकार्ट क्लोबे या जर्मन इंजिनिअरने, कारण त्याच्या स्वतःच्या छातीला खळगा होता.

सुरुवातीला दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास, मग हळूहळू वाढवत काही तास. वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. कंटाळवाणं काम आहे. कातडी लाल होते, बारीक निळसर डाग पडतात, कधी हाताला मुंग्या येतात.

आणि माझा सगळा राग आहे तो इथे. नस अमेरिकेतल्या ज्या नॉरफोकमध्ये काम करायचे तिथल्याच डॉक्टरांनी २०१८ मध्ये बेल वापरणाऱ्या त्यांच्याकडच्या रुग्णांचा अभ्यास छापला. सगळ्यात चांगला फरक कोणाला पडला? सुरुवातीला वय ११ किंवा कमी, खोली दीड सेंटिमीटरच्या आत, छाती लवचीक, आणि सलग १२ महिन्यांहून जास्त वापर, अशांना. म्हणजे आपण जी वर्षं ‘भरून येईल’ म्हणत घालवतो, नेमकी तीच! छाती मऊ असते तेव्हा थांबायचं, आणि ती कडक झाली की ‘आता ऑपरेशनच’ म्हणायचं. कसला शहाणपणा आहे हा?

हो, त्या अभ्यासातही उत्तम निकाल पाचात जेमतेम एकालाच मिळाला. काही तान्ह्या बाळांचा खळगा आपोआप कमी होतो, आणि खळगा उथळ असला तर काहीही न करता माणूस मजेत जगतो. पण हे डॉक्टरने तपासून सांगायचं असतं. मांडवातल्या काकांनी नव्हे.

भावाच्या लहानपणी ही बेल नव्हतीच, म्हणून कोणाला दोष देत नाही. त्याला ती मिळाली नोकरीला लागल्यावर, तिशीच्या आसपास. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, मोठेपणी छाती ताठ असते, वेळ जास्त लागेल, पूर्ण सपाट होण्याची आशा धरू नका. तो रोज संध्याकाळी ऑफिसहून आला की बेल लावून बातम्या बघत बसायचा. वहिनी त्याला तिथेच चहा नेऊन द्यायची. खळगा थोडा उचलला. थोडाच. पण गेल्या मे महिन्यात तो लेकीला पोहायला शिकवायला स्वतः उघडा पाण्यात उतरला. हे लिहितानाही डोळे भरून येतात.

मुलींचं तर कोणी बोलतच नाही. वयात आल्यावर खळग्यामुळे छातीच्या दोन बाजू लहान-मोठ्या दिसतात, पोरगी ओढणी पिन लावून फिरते आणि आईला वाटतं लाजतेय. बायकांसाठी वेगळ्या आकाराची बेल मिळते, पण तिथवर पोचायला आधी कोणाला तरी सांगावं लागतं.

एक मात्र कराल तर याद राखा. ऑनलाइन मागवून घरच्या घरी पोराच्या छातीला लावू नका. आधी मुलांचे सर्जन, ईसीजी, इको. रक्त न गोठण्याचा आजार, ठिसूळ हाडं, मोठ्या रक्तवाहिन्यांचा दोष असेल तर ही बेल चालत नाही. उंच, सडपातळ, लांब बोटांच्या मुलात मार्फन (हाडं, हृदय, रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) आहे का तेही बघतात. पहिल्यांदा किती हवा ओढायची हे डॉक्टरच ठरवतात, आणि लहान मुलांना दाब कमीच ठेवतात. बाळाची छाती श्वासागणिक खोल आत जात असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या बटूच्या आईला मी मुलांच्या सर्जनकडे जायला सांगितलंय, शाळा सुरू व्हायच्या आत. सोबत मीही जाणार आहे. आणि खाली कमेंटमध्ये तेलं, लेप आणि ‘आमच्या काकांनी रोज पपनस खाऊन’ वगैरे लिहू नका. डिलीट करीन.