चौथं नेटवर्क राहूनच गेलं

अमेरिकी टीव्ही नेटवर्कवरच्या (अनेक स्टेशनांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपन्यांवरच्या) लेखात एनबीसी, सीबीएस, एबीसी तिघंही आले, पण चौथ्या ड्युमाँटचं साधं नावही नाही, हे खटकलं. टीव्ही संच बनवणाऱ्या ॲलन ड्युमाँटने १९४६मध्ये हे नेटवर्क सुरू केलं. एनबीसी-सीबीएसकडे रेडिओची कमाई आणि कलाकार आयते होते, इथे दोन्हीची बोंब. विनोदवीर जॅकी ग्लीसन इथे नावारूपाला आला आणि १९५२मध्ये सीबीएसने जास्त पैसे मोजून त्याला उचलला. १९५४ संपता संपता पिट्सबर्गचं दुभतं स्टेशन विकायला काढलं, तिथेच कंबर मोडली. १९५६मध्ये खेळ खलास. गंमत म्हणजे ड्युमाँटची न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनची स्टेशनं पुढे मेट्रोमीडिया कंपनीकडून मर्डॉकच्या फॉक्सकडे गेली. वॉशिंग्टनच्या स्टेशनच्या 'डब्ल्यूटीटीजी' या नावातलं टीटीजी म्हणजे ड्युमाँटचे इंजिनिअर थॉमस टी. गोल्डस्मिथ. पाटी अजून तीच आहे!